डाव्या बाजूचा आवाज कमी

ज्योतीराम लोमटे यांचा डावा कान महाळुंग्याच्या कंपनीत जेवढा प्रसिद्ध होता, तेवढे खुद्द ज्योतीराम नव्हते. कंपनी गाडीची काच वरखाली करणाऱ्या छोट्या मोटारी बनवते. तयार मोटार चालू करायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचं, मूठ डाव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग ज्योतीराम म्हणणार, "पास." नाहीतर म्हणणार, "बेअरिंग रडतंय, घ्या बाजूला." मोटार खोलली की बेअरिंग खरंच खराब निघायचं. डोळे मिटायची तशी काही गरज नव्हती, पण त्याने निकालाला वजन येतं असं त्यांचं मत होतं. औशाहून आलेला माणूस, आयटीआयचं सर्टिफिकेट आणि हा कान, एवढ्या भांडवलावर त्यांनी चिंचवडला फ्लॅट केला होता, मुलगी इंजिनिअरिंगला घातली होती आणि कुणाचे मिंधे राहिले नव्हते.

अशा माणसासमोर अजिंक्यने एक दिवस मशीन आणून ठेवलं. अजिंक्य म्हणजे क्वालिटीचा नवा मॅनेजर. पोरगा चांगला, बोलायला गोड, पण हातात सतत लॅपटॉप. मशीन म्हणजे एक डबा, आत माइक, वर दोन दिवे. मोटार चांगली असली तर हिरवा, खराब असली तर लाल.

"काका, तुमच्या अनुभवाला तोड नाहीच," अजिंक्य म्हणाला, "पण कस्टमरला डेटा लागतो. शुक्रवारी आपण ट्रायल घेऊ. चांगल्या-वाईट मोटारी मिसळून ठेवतो. मशीन पण ऐकेल, तुम्ही पण ऐका. मग ठरवू."

काय ठरवायचं ते त्याने सांगितलं नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं. कान हरला तर ज्योतीराम पॅकिंगला. पॅकिंगला म्हणजे खोक्यांवर चिकटपट्टी मारायला. तिथे कान काय, डोकं नसलं तरी भागतं असं ज्योतीराम अनेक वर्षं जाहीरपणे म्हणत आले होते, आणि पॅकिंगच्या लोकांनी ते नीट लक्षात ठेवलं होतं.

अजिंक्यने सरावाला म्हणून मोटारींचे आवाज रेकॉर्ड करून मोबाइलवर पाठवले. "हेडफोन लावून ऐका बरं का काका. मोबाइलच्या स्पीकरवर काही कळायचं नाही."

झालं. हेडफोन आले. म्हणजे यायचे होते.

आता हेडफोन घेणं ही काय गोष्ट आहे का? लोक स्टेशनवर उतरता उतरता घेतात. पण ज्योतीरामांच्या घरी पोळपाट आला तरी तो फरशीवर ठेवून डगमगतो का ते बघितलं जायचं. शिवाय वस्तू कानासाठी. आधी त्यांनी मुलीलाच विचारलं.

"वर्षाली, तुझे हेडफोन दे गं चार दिवस."

"शी, बाबा! कानातली वस्तू कुणी दुसऱ्याला देतं का? टूथब्रश मागितल्यासारखं आहे हे."

नकार मिळाल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण मुद्दा पटला. इतका पटला की संध्याकाळपर्यंत तो त्यांचा स्वतःचा झाला.

खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर मारुतराव बसलेले असतात. सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांची. जमीन गेली, पण तिच्यावर जे जे काही चाललंय त्याबद्दल सल्ला द्यायचा हक्क त्यांनी विकलेला नाही.

"कानात काय घालायचंच कशाला, म्हन्तो मी?" मारुतराव म्हणाले. "आमच्या चुलत्याचा नातू हाय निघोज्याला. दोन्ही कानांत वायर घालून रस्त्यानं हिंडायचा. मागनं टँकर आला. हॉर्न मारून मारून ड्रायव्हरचा हात दुखाया लागला, पन ह्याला पत्ताच न्हाई."

"मग हो?"

"मग काय. टँकरवाला खाली उतरला आन् दिली एक ठिवून. तवापास्नं बेस ऐकतो."

तिसऱ्या मजल्यावरचा शेखर तेवढ्यात गाडी लावून आला. तो हिंजवडीला कामाला, त्यामुळे विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल सोसायटीत त्याचा शब्द अखेरचा.

"वायरचे? काका, कुठल्या जमान्यात आहात? वायरलेस घ्या."

"चार्जिंग लागत असेल ना त्याला?"

"ते डबीत ठेवलं की आपोआप होतं."

"आणि डबीला?"

"डबी आपण चार्ज करायची."

वस्तू चार्ज करणारी डबी चार्ज करत बसायचं, हे ज्योतीरामांना काही रुचलं नाही. वायरचं कसं सरळ असतं. एक टोक मोबाइलला, दुसरं कानाला, आणि मधलं सगळं डोळ्यांसमोर. ओढून बघता येतं. स्वस्तातले चालतील, पण वायर पाहिजे, असा निर्णय घेऊन ते शनिवारी संध्याकाळी चिंचवड स्टेशनजवळच्या तेजस्विनीच्या दुकानात गेले.

दुकान कसलं, टपरीच ती. कव्हरं, काचा, चार्जर आणि वायरी टांगलेल्या, आणि त्यांच्यामधून तेजस्विनीचं तोंड दिसायचं. दुकान काढून तिला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे ती गिऱ्हाइकाशी अजून नीट बोलत असे. तिने एक काळा संच काढला. कानाच्या अगदी आत बसणारे, इन-इअर म्हणतात ते. टोकांना मऊ रबराच्या टोप्या, आणि लहान, मध्यम, मोठ्या मापाच्या रबरांचं एक सीलबंद पाकीट.

ज्योतीरामांनी खिशातून टेप काढून वायरची लांबी मोजली. खोक्यावर लिहिल्याइतकी भरली. मग वायरचं एक टोक बोटाला गुंडाळून दुसऱ्या टोकाला त्यांनी आपली डब्याची पिशवी लटकवली.

"काका, तुटली तर तुमची," तेजस्विनी म्हणाली.

"तुटली तर तुझी. तुटत नाही ना, हेच तर बघतोय."

चारपाच माणसं थांबून बघायला लागली. वायर तुटली नाही. कानात घालायच्या दांड्या बघितल्या, पिन बघितली. रबरांचं पाकीट मात्र त्यांनी उघडलं नाही. सीलबंद माल पुरवठादाराच्या जबाबदारीवर घ्यायचा असतो, असा कंपनीचा नियम आहे. ज्योतीराम नियमाने चालणारे गृहस्थ, आणि त्यांच्या बहुतेक अडचणी नियमातूनच निघत आल्या आहेत.

घरी येऊन पिन लावायला गेले, तर मोबाइलला भोकच नाही. वरून बघितलं, खालून बघितलं, कव्हर काढून बघितलं. परत दुकान.

"नवीन मोबाइलला ते भोक देत नाहीत हो काका."

"मग वायरवाल्यांनी जायचं कुठे?"

"कनेक्टर घ्यायचा. हा चार्जिंगच्या जागी लावायचा, आणि ह्याच्यात ती पिन."

मघाची माणसं अजून तिथेच चहा पीत होती. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "वायर मोजली, पण मोबाइल बघायचा राहिला वाटतं." ज्योतीरामांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांच्यासारख्या कानाच्या माणसाला हे दाखवणं फार अवघड जातं.

रात्रीच्या जेवणाआधी सोफ्यावर बसून त्यांनी पाकीट फोडलं आणि आधी सगळ्यांत लहान रबरं चढवली. लहान घेतलं की कानाला त्रास नाही, असा हिशेब. खोक्यावर चित्र होतं, दांडी थोडी पिळून आत सारायची. त्यांनी पिळली, सारली, आणखी थोडी सारली. एवढ्यात आतून कुसुमताईंचा आवाज आला.

"अहो, बेल वाजतेय! माझे हात पिठाचे आहेत!"

दोन्ही बाजू खसकन ओढून काढून ज्योतीराम दाराकडे धावले. दारात मारुतराव. हेडफोन बघायला आले होते. ते सोफ्यावर बसले, एकेक रबर चिमटीत धरून उजेडात बघितलं, दाबलं, ताणलं, आणि "एवढीशी तर हायेत! ल्हान पोरानं गिळली म्हंजे?" असं विचारून, चहा घेऊन निघून गेले. घरात लहान पोर नव्हतं.

ते गेल्यावर बघतात तर डाव्या दांडीवर रबरच नाही. पाकिटातली, दांडीवरची, सोफ्यावर पसरलेली सगळी गोळा केली, तर एक लहान रबर कमी. सोफ्याच्या गाद्या उचलल्या. कुसुमताईंनी झाडू फिरवला. मारुतरावांचा संशय आला, पण एवढ्या शेताचा एकेकाळचा मालक एक रबर कशाला नेईल? मग उत्तर एकच. पाकीट मुळातच कमी भरलं होतं. शॉर्ट सप्लाय. म्हणजे डावीकडे बसवलेलं रबर आपण बसवलंच नव्हतं, तसा भास झाला, असंही त्यांनी स्वतःला पटवून दिलं.

मग मध्यम रबरं चढवून त्यांनी अजिंक्यचा पहिला आवाज लावला. उजवीकडे मोटार अशी खणखणीत, की जणू खांद्यावर बसून फिरतेय. डावीकडे मात्र तीच मोटार शेजारच्या फ्लॅटमध्ये फिरत होती. कानाला जरा दडे बसल्यासारखंही वाटत होतं, पण नवी वस्तू आहे, होत असेल.

"डाव्या बाजूचा आवाज कमी," ज्योतीरामांनी निकाल दिला. डोळे मिटूनच.

"बघू, मला द्या, मी ऐकते," कुसुमताई म्हणाल्या.

"कानातली वस्तू कुणी दुसऱ्याला देतं का? काहीतरीच तुझं."

रविवारी सकाळी तेजस्विनीने शटर वर केलं, तेव्हा ज्योतीराम शटरच्या बाहेरच उभे होते. तिने दांड्या पुसून स्वतःच्या कानात घातल्या.

"काका, दोन्हीकडे सारखा आहे की आवाज."

"तुला सारखा वाटला म्हणजे सारखा असतो असं नाही. तुझा कान वेगळा, माझा कान वेगळा. माझ्या कानावर कंपनी चालते." आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून कंपनीतलं लाल लेबल काढून खोक्यावर चिकटवलं. रिजेक्ट. वर रबर कमी निघाल्याचंही सुनावलं. दुकानात गिऱ्हाईक होतं. एक बाई चार्जर हातात घेऊन उभी होती, ती चार्जर ठेवून निघून गेली.

तेजस्विनीने दुसरा संच दिला. डाव्या बाजूचा आवाज कमी. संध्याकाळी तिसरा दिला, निळ्या वायरचा, वेगळ्या कंपनीचा. डाव्या बाजूचा आवाज कमी. तिसरं लाल लेबल.

"काका, ही लेबलं लावलेली खोकी मी विकू कशी?" तिचा आवाज आता जरा ओला झाला होता.

"विकायचीच नाहीत. सगळा लॉट गेलाय. डावीकडचा साचाच बिघडला असणार."

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचा एकच साचा कसा बिघडेल, हा प्रश्न दुसऱ्या कुणी त्यांच्यापुढे आणला असता तर त्यांनी त्याला धारेवर धरलं असतं. पण राग आला की तपासणी होत नाही. घरी येऊन त्यांनी वर्षालीला मोबाइल दिला आणि दुकानाच्या पानावर आपलं मत लिहायला लावलं. तिने टाइप केलं, त्यांनी येरझाऱ्या घालत सांगितलं. "पहिलं मत. वायर मजबूत. डाव्या बाजूचा आवाज कमी. पाकिटात एक रबर कमी. दुकानदाराला क्वालिटीची जाण नाही." तारा एकच दिला. तोही वायरसाठी.

"बाबा, ती मुलगी नवीन आहे हो," वर्षाली म्हणाली.

"म्हणूनच. आत्ताच सुधारली तर सुधारेल."

तो आठवडा ज्योतीरामांना फार सुखाचा गेला. सोमवारी एकही मोटार खराब निघाली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी लाइन सांभाळणारा निरंजन, जो एरवी ज्योतीरामांकडे रस्त्यातल्या खड्ड्याकडे बघावं तसा बघायचा, स्वतःच्या हाताने चहा घेऊन आला.

"राव काका, काय जादू केली? रिजेक्शन शून्य! माझा माल धाडधाड पुढे चाललाय."

"बेअरिंगवाल्याला झापलं होतं मागच्या आठवड्यात," ज्योतीराम म्हणाले. "आवाज चढवला की माल सुधारतो."

घरीही तसंच. फ्रिजची घरघर बंद झाली होती. वरच्या मजल्यावरचा मिक्सर शांत झाला होता. जेवताना कुसुमताई त्यांच्या डावीकडे बसतात. त्या काहीतरी हळूहळू बोलायच्या, ज्योतीराम "हं" म्हणायचे, आणि विषय संपायचा. "तुम्ही हल्ली फार समजूतदार झालात," असं त्या एकदा समोर येऊन म्हणाल्या, तेव्हा तेही त्यांना पटलं. एकूण जगच सुधारत चाललंय अशा समाधानात ते शुक्रवारी ट्रायलला उभे राहिले.

सगळी लाइन जमली होती. पॅकिंगचे लोकही आले होते, ते का आले होते ते ज्योतीरामांना समजत होतं. अजिंक्यने पहिली मोटार लावली. ज्योतीरामांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ डाव्या कानाला, डोळे बंद. "पास." मशीनवर हिरवा. दुसरी. "पास." हिरवा. पुढची. "पास." मशीनवर लाल. ज्योतीराम मशीनकडे बघून हसले. लहान लेकराने चुकीचं उत्तर दिल्यावर मास्तर हसतात तसं. त्यापुढची पास, मशीनवर लाल. आणखी एक पास, पुन्हा लाल.

"मशीनला अजून बरंच शिकायचंय रे अजिंक्य."

 अजिंक्यने आणखी एक मोटार लावली. ज्योतीरामांनी ऐकली, जरा जास्तच वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, "ही तर एक नंबर."

कोपऱ्यात झाडू मारणाऱ्या छबूबाई थांबल्या. "आवं भाऊ," त्या म्हणाल्या, "ही तर बोंब मारतीया. मला हितवर ऐकू येतंय की."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. ज्योतीरामांनी डोळे उघडले. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती, पाटीवर खिळा ओढल्यावर होतात तशी. त्यांनी सावकाश स्क्रूड्रायव्हरची मूठ उजव्या कानाला लावली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मोटारीत कुणी खडी दळत होतं. मूठ पुन्हा डाव्या कानाला. भिंत.

आणि तिथे उभ्या उभ्या त्यांना तेजस्विनीच्या दुकानातली तीन लाल लेबलं दिसायला लागली.

क्वालिटीच्या कामात एक पहिला धडा असतो. माल नापास करण्याआधी ज्याने मापलं ते गेज, म्हणजे मोजायचं साधन, तपासायचं. प्रत्येक गेजवर हिरवं लेबल असतं, कधी तपासलं, पुन्हा कधी तपासायचं. एखादं खाली पडलं, आपटलं, तर ते आधी बाजूला. हा धडा चाकण पट्ट्यातल्या पोरासोरांना ज्योतीरामांनी स्वतः शिकवला होता, आणि शिकवताना आवाज चढवला होता. तीन हेडफोन, दोन कंपन्या, एकच दोष. सारखी गोष्ट एकच होती, मापणारा कान. तो तपासायचं त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"काका, आपण सोमवारी बोलू," अजिंक्य हळूच म्हणाला. उजवीकडे उभा राहून म्हणाला, म्हणून ऐकू आलं. त्याने खेकसायला हवं होतं, असं ज्योतीरामांना वाटलं. तो हळू बोलला, हेच फार लागलं.

कंपनीच्या बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकवून बसले. कुणी शेजारी बसलं नाही. घरी आल्यावर बूट न काढताच ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"कुसुम, कान गेला गं माझा."

कुसुमताईंनी गॅस बंद केला. ज्योतीरामांनी सगळं सांगितलं. मोटारी, छबूबाई, पॅकिंग. वर्षालीचं अजून एक वर्ष राहिलंय. औशाला भावांना काय तोंड दाखवायचं? आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. "दुसरं काही येत नाही गं मला. एवढंच येत होतं."

"गेला म्हणजे गेला कुठे?" कुसुमताई म्हणाल्या. त्या रडत बसणाऱ्यातल्या नव्हेत. "बसा खाली. बघू." त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला, कानाची पाळी धरून चांगली ओढली आणि आत डोकावल्या. 

"आत काहीतरी काळं आहे."

"मळ असेल."

"मळ एवढा गोल नसतो हो. थांबा, हेअरपिन आणते."

"ए, पिन नको! पिन नको!" ज्योतीराम एवढ्या जोरात ओरडले की खालून मारुतराव वर आले. त्यांनीही टॉर्चने आत बघून घेतलं. "गरम त्याल सोडा," असा सल्ला दिला, आणि तो कुणी मानत नाही हे बघून आपली गाडी काढली. अडीअडचणीला गाडी काढण्यात मारुतरावांनी कधी मागेपुढे बघितलेलं नाही, हे इथे सांगितलंच पाहिजे.

चिंचवडच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर मिनल यांनी एक बारीक चिमटा आत घातला. ज्योतीरामांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. क्षणभर कानात कुणी बूच उपटल्यासारखं झालं, आणि मग जग आत आलं. रस्त्यावरची रिक्षा, बाहेरच्या खोलीतल्या कुणाचा खोकला, कुसुमताईंच्या बांगड्या, सगळं एकदम, सगळं डावीकडून.

डॉक्टरांनी स्टीलच्या ट्रेमध्ये काहीतरी टाकलं. "हे तुमचंच का?"

काळं. गोल. लहान मापाचं. एक रबर.

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. आधी सगळ्यांना वाटलं रडतायत, मग खांदे हलायला लागल्यावर कळलं.

"मी पैल्याच दिशी म्हन्लं व्हतं, कानात घालूच नये," मारुतराव दारातून म्हणाले. "आन् आठवडाभर मला चोरावानी बघत व्हता तुमी. मला काय कळत न्हाई व्हय?"

ज्योतीरामांचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. ते छताकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटले.

"डॉक्टर, तुमच्या पंख्याचं बेअरिंग रडतंय."

डॉक्टरांनीही वर बघितलं. "मला तर काही ऐकू येत नाही."

"तुम्हाला नाही येणार," ज्योतीराम म्हणाले, आणि डॉक्टरांच्या समोर, मारुतरावांच्या समोर, त्यांनी रुमालाने डोळे पुसले.

परतताना गाडीत कुसुमताई डावीकडे बसल्या होत्या. "उद्या रंगवाला येतोय. तुम्हीच हो म्हणालात, किचनला पोपटी."

"मी?"

"मंगळवारी. जेवताना."

ज्योतीरामांनी पोपटी रंग मान्य केला. त्या आठवड्यात आपण आणखी कशाकशाला हं म्हटलंय, हे विचारायचं त्यांनी टाळलं.

सोमवारच्या बोलण्याआधी शनिवार होता, आणि शनिवारी गप्प राहता आलं असतं. आठवडाभर पास केलेला माल स्टोअरमध्ये पडून होता. तो गेला असता, कुठल्यातरी गाडीच्या काचेत बसला असता, आणि कुणी ज्योतीरामांचं नाव घेतलं नसतं. पण ते सकाळी सरळ अजिंक्यकडे गेले. "सोमवारपासून मी पास केलेला सगळा माल थांबव. गेज खराब होतं."

"कुठलं गेज, काका?"

ज्योतीरामांनी कानाकडे बोट दाखवलं आणि जे झालं ते सांगितलं. अजिंक्यने हसू दाबायचा खूप प्रयत्न केला. निरंजनने तोही केला नाही, तो खोक्यावर बसला आणि पोट धरून हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आपला शून्य रिजेक्शनचा आठवडा गेला, आणि त्याचं हसू थांबलं.

दिवसभर ज्योतीरामांनी प्रत्येक मोटार पुन्हा ऐकली. शेजारी मशीनही ऐकत होतं. दोघांनी मिळून खराब माल वेगळा काढला. एका मोटारीवर मात्र दोघांचं पटलं नाही, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. अजिंक्यने मशीनही ठेवलं आणि कानही ठेवला. फक्त जाताना त्याने एक हिरवं लेबल आणून ज्योतीरामांच्या हेल्मेटवर डाव्या बाजूला चिकटवलं. तपासल्याची तारीख, आणि पुन्हा कधी तपासायचं ती तारीख. पॅकिंगचे लोक ते बघायला रांगेने येऊन गेले. ज्योतीरामांनी ते काढलं नाही.

रविवारी ते तेजस्विनीच्या दुकानात गेले. गर्दी नव्हती. लाल लेबलांची तीन खोकी मागच्या फळीवर होती. तिने त्यांना बघितलं आणि चौथ्या संचाकडे हात नेला.

"नको," ज्योतीराम म्हणाले, आणि डॉक्टरांकडची छोटी पुडी त्यांनी काउंटरवर उघडली. "पाकिटात रबर कमी नव्हतं. हे सापडलं."

"कुठे सापडलं?"

शेजारी चहाची तीच माणसं उभी होती. वायर मोजताना होती, भोक शोधताना होती, तिसऱ्या लेबलाच्या वेळीही होती. सोफ्याखाली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ज्योतीरामांनी एकवार त्यांच्याकडे बघितलं.

"कानात," ते म्हणाले. "माझ्या. पहिल्या दिवसापासून. माल तुझा चांगला होता पोरी, मी उगीच बोललो."

तेजस्विनी त्यांच्या डाव्या कानाकडे बघत राहिली. मग रबराकडे. मग तिने ते काउंटरवरून उचलायला नेलेला हात मागे घेतला.

"धुतलंय ना काका?"

चहावाल्यांच्यात जे काही झालं ते झालं. ज्योतीरामांना ते सगळं, शब्द न् शब्द, डावीकडून स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी तिन्ही खोकी खाली मागितली आणि उभ्यानेच नखाने एकेक लाल लेबल खरवडून काढलं. पहिला काळा संच पुन्हा विकत घेतला. घरी आल्यावर वर्षालीला मोबाइल दिला, या वेळी येरझाऱ्या न घालता सोफ्यावर बसून सांगितलं, आणि तिने हसत हसत टाइप केलं.

"पहिलं मत मागे घेत आहे. वायर मजबूत. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा. दुकानदाराला क्वालिटीची चांगली जाण आहे. पाच तारे. सूचना: हेडफोन कानातून काढल्यावर रबरं मोजावीत."